परतीचा हक्क, परतीची सक्ती

निर्वासितांच्या परतीविषयी बोलताना सरकारे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि वर्तमानपत्रे एक शब्द हमखास वापरतात : 'स्वेच्छेने'. अमुक हजार निर्वासित स्वेच्छेने मायदेशी परतले, तमुक हजार परतण्याच्या तयारीत आहेत. शब्द चांगला आहे. निर्वासिताला मायदेशी जाण्याचा हक्क आहे, पण जिथे त्याच्या जिवाला धोका आहे तिथे त्याला ढकलता येणार नाही, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर माणसांनी फार मोठी किंमत मोजून लिहून घेतले. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे ३३ वे कलम तेच सांगते. १९६९ च्या आफ्रिकी कराराने तर इच्छेविरुद्ध कोणाही निर्वासिताला परत पाठवता येणार नाही, असे स्वच्छ नमूद केले. तेव्हा आमची तक्रार शब्दाशी नाही. गेल्या पन्नास वर्षांत या शब्दाच्या आडून जे चालले आहे त्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. ज्यांच्या वाट्याला ते आले त्यांत रोहिंग्या आणि अफगाण ही दोन नावे ठळक आहेत. दोन्ही मुसलमान. त्यांना परत ढकलणाऱ्यांतही मुसलमान देश आहेत. म्हणून हा विषय परक्यांच्या पानांवर सोडून न देता आपल्याच अंकात मांडायला हवा, असे आम्हांला वाटते.

आधी रोहिंग्यांचे पाहू. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी ते दोनदा आले होते आणि दोनदा 'स्वेच्छेने' परत गेले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. १९७८ मध्ये ब्रह्मदेशाच्या लष्करी राजवटीने 'नागमिन' नावाची मोहीम काढली आणि दोन लाखांवर माणसे कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर येऊन पडली. त्याच वर्षी दोन्ही सरकारांत करार झाला. निर्वासित मात्र जायला तयार होईनात. मग काय झाले? छावण्यांतले रेशन गरजेपेक्षा कमी ठेवण्यात आले. १९७८ अखेरपर्यंत दहा हजारांहून अधिक माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. हे आम्ही म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचे कॉक्स बझार येथील त्या वेळचे प्रमुख ॲलन लिंडक्विस्ट यांनी १९७९ च्या अहवालात ते लिहून ठेवले आहे. छावणीत मरणाऱ्यांचा आकडा वाढला तशी परत जाणाऱ्यांची संख्याही वाढली. १९७९ संपेपर्यंत बहुतेक सगळे गेले. कागदावर लिहिले गेले, स्वेच्छेने.

ते परत गेले आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९८२ मध्ये, ब्रह्मदेशाने नवा नागरिकत्वाचा कायदा केला. १८२३ पूर्वीपासून ज्या वंशाचे लोक देशात आहेत त्यांनाच पूर्ण नागरिकत्व, असा त्याचा गाभा. त्या यादीत रोहिंग्यांचे नाव नव्हते. म्हणजे ज्या देशात त्यांना 'घरी' पाठवले, त्या देशाने त्यांना परत घेतले आणि मग घराचा दाखलाच रद्द केला. या कायद्याचे कारण केवळ ती परतपाठवणी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु नागरिकत्वाची एकही अट न घालता दोन लाख माणसे परत घेतली जातात आणि जग टाळ्या वाजवते, तेव्हा त्या राजवटीला कोणता धडा मिळतो हे सांगायला नको.

दुसरा फेरा १९९१-९२ चा. अडीच लाख रोहिंग्या पुन्हा आले. १९९२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा करार, पुन्हा सक्ती. सुरुवातीची पाठवणी इतकी उघड जबरदस्तीची होती की उच्चायुक्तालयाने तिच्यातून अंग काढून घेतले. पुढे १९९३ मध्ये त्याने दोन्ही सरकारांशी समझोते केले आणि १९९४ पासून सामुदायिक परतपाठवणी सुरू झाली. आधी प्रत्येक कुटुंबाला बाजूला घेऊन 'जायचे आहे का' असे विचारण्याची पद्धत होती. ती मागे पडली आणि सरसकट नोंदणी सुरू झाली. छावण्यांत काम करणाऱ्या 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेने १९९५ मध्ये चौकशी केली तेव्हा आढळले की आपल्याला 'नाही' म्हणता येते, हेच बहुसंख्यांना माहीत नव्हते. नाही म्हणता येते हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या होकाराला काय किंमत? तरीही सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे परत गेली. तिकडे त्यांना १९९५ पासून पांढरी कार्डे मिळाली, तात्पुरती. २०१५ मध्ये तीही रद्द झाली. नंतर नवे पडताळणी कार्ड आले. ते घेणे म्हणजे आपण परके आहोत हे स्वतःच्या सहीने कबूल करणे, म्हणून अनेकांनी ते नाकारले. २०१२ मध्ये सित्वे शहराभोवती एक लाखावर माणसांना हिंसाचारानंतर छावण्यांत कोंडले गेले. ही परतलेल्यांच्या आणि त्यांच्या भाईबंदांच्या पुनर्वसनाची कहाणी. या मार्गाचा शेवट २०१७ मध्ये झाला.

ज्याला हा इतिहास माहीत आहे त्याला १५ नोव्हेंबर २०१८ आणि २२ ऑगस्ट २०१९ या दोन तारखांचा अर्थ कळेल. या दोन्ही दिवशी बांगलादेशाने परतपाठवणीची तयारी केली होती. याद्या झाल्या होत्या, म्यानमारने नावे तपासली होती, बसगाड्या येऊन उभ्या होत्या. एकही माणूस चढला नाही. काही वर्तमानपत्रांनी याला रोहिंग्यांचा हट्ट म्हटले. छावणीत मिळणाऱ्या फुकटच्या अन्नाची त्यांना चटक लागली, असेही लिहिले गेले. आमच्या मते ते दोन दिवस गेल्या पन्नास वर्षांतल्या खऱ्या स्वेच्छेचे दिवस होत. लोकांना विचारले आणि लोकांनी उत्तर दिले. त्यांनी 'आम्ही जाणार नाही' असे म्हटले नव्हते. नागरिकत्व द्या, आमच्याच गावात आमच्याच जमिनीवर जाऊ द्या, जिवाची हमी द्या आणि ज्यांनी मारले त्यांना न्यायालयात उभे करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मे २०२३ मध्ये वीस रोहिंग्यांना मॉंगडॉला नेऊन तयारी दाखवण्यात आली. त्यांनी पाहिले ते आपले गाव नव्हते, वसाहत होती. परत येऊन त्यांनी तेच सांगितले.

त्याच २०२३ मध्ये छावणीतले रेशन निधीअभावी दरडोई महिना १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आले. हे १९७८ सारखे मुद्दाम केले असा आमचा आरोप नाही. पैसे देणारे देश हात आखडता घेत होते. पण उपाशी माणसाला कारण विचारायची सवड नसते. पोट खपाटीला जाते तेव्हा होकार आपोआप तोंडातून येतो, हे आपल्याला १९७८ नेच शिकवले आहे. शिवाय २०२४ पासूनच्या दीड वर्षात राखाईनमधल्या लष्कर आणि अराकान आर्मीच्या लढाईतून आणखी दीड लाखाच्या आसपास रोहिंग्या बांगलादेशात आले. नदीचा ओघ अजून इकडेच आहे. अशा वेळी तिकडे पाठवण्याच्या तारखा जाहीर करणे म्हणजे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

आता अफगाणांकडे वळू. इथे बोलणे अवघड आहे, म्हणून ते जास्त आवश्यक आहे. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या तेव्हापासून पाकिस्तान आणि इराण या दोन देशांनी लाखो अफगाणांना चाळीस-चाळीस वर्षे आसरा दिला. श्रीमंत जगाने जेवढे केले त्याच्या कितीतरी पट या दोघांनी केले, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. २००२ मध्ये अठरा लाखांवर अफगाण परतले, त्यांतले बरेच खरोखर आशेने परतले. पण पुढचे पाहा. २०१४ च्या पेशावर शाळेवरील हल्ल्यानंतर पाकिस्तानात अफगाणांवर पोलिसी छळ वाढला. रस्त्यात अडवणे, पैसे उकळणे, घरमालकांना दम देणे. २०१६ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक नोंदणीकृत अफगाण सरहद्द ओलांडून गेले. नेमक्या त्याच वर्षी उच्चायुक्तालयाने परत जाणाऱ्याला मिळणारी रक्कम दुपटीने वाढवून माणशी ४०० डॉलर केली. एका हाताने पोलीस ढकलतो, दुसऱ्या हाताने अधिकारी पैसे देतो आणि नोंदवहीत लिहिले जाते, स्वेच्छेने. 'ह्यूमन राइट्स वॉच'ने २०१७ मध्ये याला सक्ती म्हटले, उच्चायुक्तालयाने ते फेटाळले. आम्हांला ह्यूमन राइट्स वॉचचे म्हणणे पटते.

३ ऑक्टोबर २०२३ रोजी तर पाकिस्तानने स्वेच्छेचा बुरखाही बाजूला ठेवला. १ नोव्हेंबरपर्यंत निघा, नाहीतर अटक. त्या वर्षअखेरपर्यंत चार लाखांहून अधिक माणसे तोरखम आणि चमनच्या फाटकांतून गेली. त्यांतली कित्येक पाकिस्तानात जन्मलेली, काबूल कधी न पाहिलेली. जी कधी गेलीच नव्हती ती 'परत' कशी जातात? २०२५ मध्ये इराणने ६ जुलैची मुदत दिली. इस्राएलशी झालेल्या युद्धानंतर हेरगिरीच्या संशयाने तिथले वातावरण तापले होते. जुलैच्या सुरुवातीला एकेका दिवशी तीस हजारांहून अधिक अफगाण इस्लाम कलाच्या नाक्यावर उतरत होते. दोन्ही देश मिळून २०२५ या एका वर्षात वीस लाखांहून अधिक माणसे अफगाणिस्तानात आली. त्यांच्यात तेहरान-मशहदच्या शाळांत शिकलेल्या मुली होत्या. ज्या देशात सहावीनंतर मुलींना शाळा बंद आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद, त्या देशात त्यांचे पुनर्वसन होणार म्हणजे नेमके काय होणार? नवऱ्याविना आलेल्या विधवेने काम कुठे करावे? ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनारमध्ये भूकंप होऊन दोन हजारांवर माणसे मेली. पाकिस्तानातून हाकललेली माणसे उतरत होती ती याच पूर्वेकडच्या भागात. आणि सप्टेंबरात तालिबानने संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांना कचेऱ्यांत येण्यास मज्जाव केला, तेव्हा परतलेल्या स्त्रियांशी बोलायलाच कोणी उरले नाही.

यावर आपल्यातलेच काही जण दोन आक्षेप घेतात. ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा : मुसलमान देशांवर अशी टीका केल्याने इथल्या मुसलमानद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळते. आमचे उत्तर असे की ते कोलीत त्यांच्या हाती आधीच आहे. आपण पॅलेस्टाईनसाठी मोर्चे काढतो आणि अफगाणांचा विषय निघाला की घसा साफ करतो, याच विसंगतीवर ते बोट ठेवतात. पॅलेस्टिनींच्या परतीच्या हक्काविषयी संयुक्त राष्ट्रांचा ११ डिसेंबर १९४८ चा १९४ क्रमांकाचा ठराव आहे. ज्याला परत जायचे आहे त्याला जाऊ द्या आणि ज्याला जायचे नाही त्याला भरपाई द्या, असे तो सांगतो. म्हणजे त्या ठरावात जाण्याचाही हक्क आहे आणि न जाण्याचाही. पॅलेस्टिनीच्या बाबतीत जे तत्त्व आपण न्याय्य मानतो ते कराचीतल्या अफगाणाच्या बाबतीत सोडून दिले, तर ते तत्त्व राहत नाही, नुसती बाजू घेणे राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोहिंग्यांनी जाऊ नये असे म्हणणे म्हणजे म्यानमारच्या सेनानींना हवे तेच देणे, कारण त्यांना तो प्रदेश रोहिंग्यांवाचून रिकामाच हवा होता. या आक्षेपात तथ्य आहे. बांगलादेशासारख्या दाटीवाटीच्या गरीब देशाने दहा लाखांवर माणसे किती काळ पोसायची, हा प्रश्नही खरा आहे. पण आम्ही परतीच्या विरोधात नाहीच. आमचा विरोध फसव्या परतीला आहे, कारण तिच्यामुळे खरी परत अशक्य होते. १९७८ ची परत, मग १९८२ चा कायदा. १९९४ ची परत, मग पांढरी कार्डे आणि २०१७. प्रत्येक कच्च्या परतीने पुढच्या हकालपट्टीची सोय करून ठेवली. दबाव टाकायचा तर तो कुटुपालाँगच्या झोपडीतल्या बाईवर नको, नेपीडॉवर आणि राखाईनमध्ये आज ज्यांचा ताबा आहे त्यांच्यावर टाका. इस्लामी सहकार्य संघटनेचे ५७ सदस्य आहेत. त्यांच्यापैकी आफ्रिकेतला चिमुकला गाम्बिया २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभा राहिला. तेलाच्या पैशावर बसलेल्यांना ते का सुचले नाही, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आपल्या इतिहासाकडेही जरा पाहू या. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबशा देशात गेले. थोड्याच दिवसांत त्यांच्या कानावर आले की मक्केत आता सगळे सुरळीत झाले आहे. त्यातले काही परतले. मक्केजवळ आल्यावर कळले की बातमी खोटी होती. कोणाच्या तरी संरक्षणाखाली किंवा चोरून त्यांना शहरात शिरावे लागले आणि पुढे आधीपेक्षा मोठा जथा हबशाला गेला. खोट्या खबरीवर झालेली परत कुठे जाते, हे चौदाशे वर्षांपूर्वी दिसून आले होते. मग कुरैशांचे वकील नजराणे घेऊन नजाशी बादशहाकडे गेले आणि म्हणाले, आमची माणसे परत करा. त्या ख्रिस्ती बादशहाने आधी हजरत जाफर यांचे म्हणणे ऐकून घेतले, नजराणे परत केले आणि माणसे दिली नाहीत. ही गोष्ट आपण मिलादच्या जलशांत दरवर्षी अभिमानाने सांगतो. तोरखमच्या फाटकावर ती कोणी ऐकवली असेल काय?

खरी परत कशी असते याचीही उदाहरणे आहेत. ८ डिसेंबर २०२४ रोजी असदची राजवट कोसळली आणि पुढच्या दहा महिन्यांच्या आत दहा लाखांवर सीरियन आपण होऊन परतले. ज्या तुर्कस्तानात २०१९ मध्ये 'स्वेच्छा परती'च्या अर्जावर दमदाटीने सह्या घेतल्याचे अहवाल आले होते, त्याच तुर्कस्तानातून लोक स्वतः गाड्या करून निघाले. पळून जाण्याचे कारण संपले की बस पाठवावी लागत नाही. अर्थात घरे पडलेली, शाळा मोडलेल्या. परतणे एका दिवसाचे असते, रुजणे पिढीचे. बोस्नियाकडे पाहा. १९९५ च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने प्रत्येकाला स्वतःच्या मूळ घरात परतण्याचा हक्क दिला आणि तो राबवला गेला. दोन लाखांवर घरे मूळ मालकांना परत मिळाली. २००४ पर्यंत दहा लाख माणसे परतली. प्रियेदोरजवळच्या कोझाराट्समध्ये जळालेल्या घरांच्या जागी मुसलमानांनी पुन्हा घरे बांधली. तरीही अनेकांनी मिळालेले घर विकून टाकले, कारण नोकरी नव्हती, पोलीस दुसऱ्यांचे होते आणि काही ठिकाणी तर एकाच छपराखाली दोन जमातींच्या दोन वेगळ्या शाळा भरत होत्या. घराची किल्ली मिळाली, शेजार मिळाला नाही.

हे आपल्याला परके वाटू नये. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबे मुंब्र्याला गेली आणि त्यातली किती आपल्या जुन्या चाळींत परतली, हे मुंब्र्यातल्या कोणालाही विचारा. ते निर्वासित नव्हते, स्वतःच्याच देशात होते; तरी परतणे जमले नाही. गुजरातेत २००२ नंतर सरकारने मदत छावण्या बंद केल्या आणि छावणी बंद म्हणजे माणसे घरी गेली, असा हिशोब मांडला. प्रत्यक्षात राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाला २००६ मध्ये पाच हजारांहून अधिक कुटुंबे मुस्लिम संस्थांनी गावाबाहेर उभारलेल्या वसाहतींत आढळली. फिर्याद मागे घेतली तरच गावात या, असे कित्येकांना सांगितले गेले होते. अटीवर दिलेली परत काय असते, हे मराठी मुसलमानाला राखाईनला जाऊन शिकण्याची गरज नाही.

आणि आपल्या देशाने काय केले? ४ ऑक्टोबर २०१८ रोजी आसामच्या सिलचर येथे २०१२ पासून कैदेत असलेल्या सात रोहिंग्यांना मणिपूरच्या मोरे येथे म्यानमारच्या हवाली करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. ते स्वतःहून जायला तयार आहेत, असे सरकारने सांगितले. सहा वर्षे तुरुंगात असलेल्या माणसाची स्वेच्छा! उच्चायुक्तालयाला त्यांना भेटूही दिले नव्हते. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. तिबेटी, तमिळ, अफगाण, रोहिंग्या प्रत्येकाला सरकारच्या मर्जीनुसार वेगळा न्याय.

म्हणून आम्ही काही गोष्टी मागतो. संसदेत धर्म न पाहता लागू होणारा निर्वासित कायदा व्हावा आणि आपल्या खासदारांना निवडणुकीच्या वेळी हा प्रश्न विचारला जावा. तुरुंगात किंवा कोंडवाड्यात असलेल्या माणसाची संमती ग्राह्य धरू नये. परतीच्या आधी निर्वासितांच्या स्वतःच्या प्रतिनिधींनी गावे पाहून यावीत आणि त्यांत स्त्रिया असाव्यात. रोहिंग्यांच्या बाबतीत नागरिकत्व हातात पडल्याशिवाय परतीचा कोणताही करार कोणत्याही मुसलमान देशाने करू नये. आणि आपल्या संघटना, आपले उलेमा, आपली मासिके यांनी पॅलेस्टाईनवर जेव्हा पुढचे निवेदन काढावे, तेव्हा त्याच कागदावर इस्लामाबाद आणि तेहरानच्या नावेही दोन ओळी लिहाव्यात. त्या लिहायला हरकत कोणाची आहे आणि का आहे, तेही मग जाहीरपणे सांगावे. आम्ही उत्तर द्यायला तयार आहोत.